दिवाळखोरीच्या रांगेत सरकारची जागा

१९८९ मध्ये कॅनडातील आल्बर्टा प्रांतात एका माणसाच्या हातून मोटारीचा अपघात झाला. गाडीचा विमा उतरवलेला नव्हता. जखमीला प्रांताने भरपाई दिली आणि ती रक्कम, सुमारे १ लाख ९५ हजार डॉलर, त्या चालकाकडून प्रांताचे येणे म्हणून उभी राहिली. न्यायालयाचा हुकूमनामा झाला, हप्ते ठरले. पुढे कर्जाचा डोंगर झेपेना म्हणून जानेवारी २००८ मध्ये त्याने स्वतःहून दिवाळखोरी जाहीर केली. जून २०११ मध्ये त्याला ऋणमुक्ती मिळाली. मग आल्बर्टाने त्याला कळवले, की अपघाताची बाकी भरली नाही तर वाहन चालवण्याचा परवाना आणि गाडीची नोंदणी दोन्ही निलंबित होतील.

दिवाळखोरीचा कायदा केंद्राचा आणि परवाना प्रांताचा. प्रांताचा बचाव वरवर पाहता बिनतोड होता. आम्ही कर्ज वसूल करत नाही, रस्त्यावरची शिस्त राखतो. पैसे भरण्याची सक्ती नाही, गाडी चालवायची असेल तरच भरावे लागतील. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१५ रोजी हा बचाव फेटाळला. केंद्राच्या कायद्याने जे देणे संपवले, तेच देणे प्रांत परवान्याच्या आडून पुन्हा मागत होता. त्याच दिवशी ऑन्टारिओतल्या टोल रस्त्याच्या प्रकरणातही असाच निकाल लागला. तिथे थकलेल्या टोलपायी, दिवाळखोरीतून बाहेर पडलेल्या माणसाला गाडीचा परवाना नूतनीकरण करून मिळत नव्हता.

संघराज्यात दिवाळखोरीचा कायदा नेमका कुठे उसवतो, ते या दोन प्रकरणांत स्पष्ट दिसते. कायदा देशाचा असतो, पण माणसाचे रोजचे जगणे बरेचसे राज्याच्या हातात असते. जमिनीची नोंद, वाहनाचा परवाना, व्यवसायाची परवानगी, विक्रीवरचा कर. केंद्राने एखादे कर्ज पुसले, तरी ते पुन्हा लिहून ठेवायला राज्याकडे कितीतरी वह्या शिल्लक राहतात. माझे म्हणणे असे आहे, की राज्य जेव्हा पैसे मागायला येते तेव्हा त्याने बाकीच्या धनकोंबरोबर रांगेत उभे राहावे. आणि ते जेव्हा लोकांच्या जमिनीचे, पाण्याचे, जिवाचे रक्षण करायला येते, तेव्हा त्याला रांगेत ढकलू नये. अडचण एवढीच, की राज्य दोन्ही वेळा एकाच पोशाखात येते.

रांग हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. दिवाळखोरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बुडालेला माणूस येतो. पण कायद्याला मुख्य काळजी असते ती उरलेल्यांच्या झुंबडीची. एखाद्याचे देणे शंभर आहे आणि हाती तीस उरले आहेत. कायदा नसेल तर जो पहिल्यांदा जप्ती आणील तो तीसच्या तीस घेऊन जाईल. म्हणून प्रत्येक धनको घाई करील, आणि त्या घाईत जो धंदा कदाचित सावरला असता तोही मोडेल. दिवाळखोरीचा कायदा सगळ्यांना थांबवतो, रांग लावतो आणि आहे ते त्या क्रमाने वाटतो. मग प्रामाणिक कर्जदाराला सांगतो, की तुझा हिशेब मिटला, आता नव्याने सुरुवात कर. ही दोन्ही वचने पाळायची तर रांग देशात एकच असावी लागते. कर्जदाराची मालमत्ता चार राज्यांत असते आणि धनको आठ राज्यांत.

हे शहाणपण कोणत्याही संघराज्याला एका दिवसात आलेले नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने देशभर एकसारखा दिवाळखोरी कायदा करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पहिल्यापासून दिला होता. तरी १८०० चा कायदा १८०३ मध्ये रद्द झाला, १८४१ चा १८४३ मध्ये आणि १८६७ चा १८७८ मध्ये. आर्थिक संकट आले की कायदा व्हायचा आणि संकट ओसरले की त्याच्याविरुद्ध ओरड सुरू व्हायची. टिकला तो १८९८ चा. कॅनडाच्या १८६७ च्या घटनेत ‘दिवाळखोरी आणि नादारी’ हा विषय स्पष्टपणे केंद्राकडे होता. पण १८८० मध्ये केंद्राने आपला कायदा मागे घेतला आणि १९१९ पर्यंत नवा केलाच नाही. एकोणचाळीस वर्षे प्रांतांनी आपापल्या परीने ठिगळे लावली. ऑन्टारिओच्या तशा एका कायद्याला १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे कॅनडाच्या त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मान्यताही दिली. मालमत्ता वाटून देण्याची व्यवस्था प्रांत करू शकत होते, कर्जातून कायमची सुटका मात्र देऊ शकत नव्हते. त्या काळात बुडालेल्या माणसाजवळचे सगळे वाटून झाले तरी उरलेले कर्ज त्याची पाठ सोडत नसे. ऑस्ट्रेलियाने अधिकार १९०१ मध्ये मिळवला आणि कायदा १९२४ मध्ये केला. जर्मनीने त्या मानाने घाई केली. १८७१ मध्ये साम्राज्य उभे राहिले आणि १८७७ मध्ये सर्व राज्यांसाठी एक दिवाळखोरी संहिता मंजूर झाली.

राज्यांना स्वतःचा कायदा का हवासा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. आपल्या हद्दीतला कारखाना, आपले कामगार, आपले मतदार. पण त्यातून काय होते ते १८२७ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते. एखाद्या राज्याने आपल्या कर्जदाराला दिलेली सुटका दुसऱ्या राज्यातल्या धनकोवर बंधनकारक असेल का? न्यायालय म्हणाले, नाही. जवळजवळ दोनशे वर्षांनी भारतात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. महाराष्ट्राच्या १९५८ च्या एका कायद्यानुसार बेकारी टाळण्यासाठी राज्य सरकार अडचणीतल्या उद्योगाची देणी तात्पुरती गोठवू शकत होते. बँकेने २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेखाली अर्ज केल्यावर एका कंपनीने हीच ढाल पुढे केली. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की संसदेची संहिता वरचढ आहे. भारतात दिवाळखोरी हा विषय समवर्ती सूचीत आहे. राज्याला कायदा करता येतो, पण संसदेच्या कायद्याशी तो भिडला तर टिकत नाही. कामगारांची चाड असणाऱ्याला हा निकाल कठोर वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटला होता. पण राज्याने दिलेल्या त्या सवलतीची किंमत राज्याच्या तिजोरीतून जात नव्हती. ती देशभरातल्या धनकोंच्या खिशातून जात होती आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. एखाद्या सरकारला कामगार वाचवायचे असतील, आणि वाचवावेतच, तर त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्याचा सरळ मार्ग आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एकच कायदा म्हणजे सगळीकडे एकच निष्पत्ती, असे नाही. दिवाळखोरीचा केंद्रीय कायदा राज्यांच्या कायद्यांच्या जोत्यावर उभा असतो. घर कोणाचे, तारण वैध की अवैध, पत्नीचा वाटा किती, हे राज्याचा मालमत्ता कायदा सांगतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हे नि:संदिग्धपणे मांडले: मालमत्तेचे हक्क राज्यांच्या कायद्याने निर्माण होतात, आणि दिवाळखोरीत गेले म्हणून ते बदलायचे कारण नाही. कॅनडात क्वेबेकची दिवाणी संहिता फ्रेंच परंपरेतली आणि बाकी प्रांतांची परंपरा इंग्लिश; तरी दिवाळखोरीची रांग एकच आहे. रांगेत उभे राहताना प्रत्येकाच्या हातात कोणता कागद आहे ते राज्य ठरवते, आणि त्या कागदावर कोणता क्रमांक मिळेल ते केंद्र.

कर्जदाराजवळ काय राहू द्यायचे, हेही अनेक ठिकाणी राज्यांवर सोडलेले आहे. कॅनडाचा केंद्रीय कायदा जप्तीतून सूट मिळणाऱ्या वस्तूंसाठी प्रांताच्या यादीकडे बोट दाखवतो. अमेरिकेत तफावत टोकाची आहे. टेक्ससमध्ये कुटुंबाचे राहते घर शहरात १० एकरांपर्यंत आणि ग्रामीण भागात २०० एकरांपर्यंत धनकोंपासून सुरक्षित असते, मग त्याची किंमत कितीही असो. फ्लोरिडातही शहरात अर्धा एकर आणि बाहेर १६० एकरांपर्यंत अशीच सूट आहे. इतर कित्येक राज्यांत मात्र घराच्या किमतीचा ठरावीक भागच वाचतो. १९०२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तफावत ‘एकसारख्या’ कायद्यात बसते असे म्हटले. धनकोला एरवी त्या राज्यात जे मिळाले असते तेच मिळते, हा त्यामागचा विचार.

या बाबतीत मी राज्यांच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. हवामान, शेती, घरांच्या किमती, कुटुंबाची रचना जागोजागी वेगळी असते, आणि जगायला किमान काय लागते ते जवळच्या विधिमंडळाला जास्त कळते. मात्र खालची मर्यादा देशाने ठरवावी, आणि वरचीही. खालची हवी, कारण बिछाना आणि कामाची हत्यारे काढून घेतलेल्या माणसाला नवी सुरुवात करता येत नाही. वरची हवी, कारण सूट अमर्याद असेल तर ज्याच्याकडे पैसा आहे तो आधी राज्य बदलतो, मोठे घर घेतो आणि मग दिवाळखोरीचा अर्ज करतो. अमेरिकेने २००५ मध्ये हे काही प्रमाणात रोखले. अर्जापूर्वीच्या १,२१५ दिवसांत राज्यात घेतलेल्या घराच्या सुटीवर रकमेची मर्यादा आली. साडेतीन वर्षे आधीपासून तयारी करू शकणाऱ्याला ती अजूनही अडवत नाही.

आता सरकार स्वतः धनको असते त्या प्रसंगाकडे येतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मोटारी विकणारी एक कंपनी बुडाली. ग्राहकांकडून घेतलेला विक्रीकर तिने प्रांताकडे भरला नव्हता, तो पैसा बाकीच्या पैशांत मिसळून गेला होता. प्रांताच्या कायद्यात लिहिले होते, की असा कर व्यापाऱ्याकडे ‘विश्वस्त म्हणून’ असल्याचे मानले जाईल. तसे मानले तर तो पैसा कर्जदाराचा नाहीच, म्हणून वाटपातही येत नाही, म्हणजे प्रांत रांग सोडून थेट खिडकीवर. १९८९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. प्रत्यक्षात वेगळा ठेवलेला, ओळखता येणारा पैसा असेल तर तो विश्वस्त निधी. केवळ शब्दाने तो तसा होत नाही. हे तत्त्व मला फार मोलाचे वाटते. नाहीतर प्रत्येक राज्य आपल्या प्रत्येक करासाठी, प्रत्येक शुल्कासाठी एक ओळ लिहील आणि रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या छोट्या पुरवठादारासाठी काहीच उरणार नाही.

भारतात गाडी उलट्या दिशेने गेली. संहितेच्या कलम ५३ मध्ये वाटपाचा क्रम आहे आणि त्यात सरकारी देणी विनातारण वित्तीय धनकोंच्याही खाली ठेवलेली आहेत. संसदेने हे समजून-उमजून केले होते. पण सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या मूल्यवर्धित कर कायद्यातील ‘पहिला बोजा’ (थकबाकीदाराच्या मालमत्तेवर सर्वांआधी राज्याचा हक्क) या तरतुदीवरून राज्याला तारणधारक धनको मानले. जुलै २०२३ मध्ये दुसऱ्या पीठाने तो निकाल त्या प्रकरणापुरताच मर्यादित असल्याचे म्हटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०२२ च्या निकालाच्या फेरविचाराच्या याचिका फेटाळल्या गेल्या. २०२२ चा निकाल मला चुकीचा वाटतो. तारण म्हणजे दोघांनी ठरवून केलेला व्यवहार. कर्ज देणारा त्याच्या भरवशावर पैसे देतो. राज्याने स्वतःच्या कायद्यात स्वतःसाठी लिहून घेतलेला बोजा त्याच पंगतीत बसवला, तर संसदेने ठरवलेला क्रम कोणतेही विधिमंडळ साध्या बहुमताने बदलू शकेल.

कुणी म्हणेल, करांचा पैसा लोकांचा आहे, तो बँकेच्या मागे का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर राज्यागणिक वेगळे नसावे, एवढेच माझे म्हणणे. अपघात करून भरपाई चुकवणाऱ्याला सुटका मिळू नये असे कोणाला वाटत असेल, तर तेही राष्ट्रीय संसदेत मांडता येते. कॅनडाच्या कायद्यात ऋणमुक्तीनंतरही न संपणाऱ्या देण्यांची यादी आहेच: न्यायालयाने केलेला दंड, पोटगी, फसवणुकीतून आलेले देणे, हेतुपुरस्सर केलेल्या शारीरिक इजेची भरपाई. विमा नसलेल्या चालकाची भर त्या यादीत घालायची तर ती उघड चर्चा करून घालावी.

सर्वात अवघड प्रकरणे मात्र अशी असतात, की ज्यांत राज्य पैसे मागत नाही, काम करून मागते. २००८ च्या डिसेंबरात न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडोरने एका कागद कंपनीची प्रांतातील बहुतेक मालमत्ता कायदा करून ताब्यात घेतली. पुढे कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेल्यावर, २००९ मध्ये, प्रांताने तिला पाच जागांची प्रदूषणमुक्ती करण्याचे आदेश दिले, त्यांतल्या बहुतेक जागा आता प्रांताच्याच होत्या. २०१२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेशाच्या भाषेपलीकडे पाहिले. कंपनी ती सफाई करू शकत नाही, शेवटी प्रांतच ती करील आणि बिल पाठवील, म्हणजे हे पैशाचेच मागणे आहे, असे म्हणून प्रांताला रांगेत पाठवले.

सात वर्षांनी त्याच न्यायालयाने वरवर उलटा दिसणारा निकाल दिला, आणि मला तोही बरोबर वाटतो. आल्बर्टातली रेडवॉटर एनर्जी ही छोटी तेल-वायू कंपनी २०१५ मध्ये बुडाली. तिच्या नावावर विहिरी, केंद्रे आणि वाहिन्या धरून १२७ परवानाधारक मालमत्ता होत्या. थोड्याच विहिरींतून अजून तेल-वायू येत होता, बाकी बहुतेक आटलेल्या. आटलेली विहीर तशीच सोडता येत नाही. ती आत खोलवर बुजवावी लागते, वरची यंत्रे काढावी लागतात, दूषित माती हलवावी लागते आणि जमीन पुन्हा पिकाऊ होईल अशी करावी लागते. परवाना घेतानाच कंपनीने ही जबाबदारी पत्करलेली असते. रिसीव्हरने, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता सांभाळून विकायला न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाने, काय केले? उत्तम चालणाऱ्या १७ विहिरी आणि त्यांच्याशी जोडलेली केंद्रे व वाहिन्या तेवढ्या ताब्यात घेतल्या आणि उरलेल्या विहिरींवर पाणी सोडले. चांगल्या विहिरी विकून पैसा तारणधारक बँकेला द्यायचा आणि उघड्या पडलेल्या विहिरी जगाच्या गळ्यात घालायच्या, असा त्याचा सरळ अर्थ होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी याला मान्यता दिली. ३१ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा मतांनी ती फिरवली. सफाईचा आग्रह धरणारा प्रांताचा तेल-वायू नियामक इथे धनको नाही, तो शेजाऱ्यांच्या, शेतकऱ्यांच्या, पुढे त्या जमिनीवर राहणाऱ्यांच्या वतीने एक कर्तव्य पार पाडून घेतो आहे, असे न्यायालयाने म्हटले. मालमत्तेच्या विक्रीतून आलेला पैसा आधी विहिरींच्या सफाईला लावायचा.

या प्रकरणातला एक तपशील फार बोलका आहे. रेडवॉटरला कर्ज देणारी बँक, सुमारे ५० लाख डॉलरचे येणे असलेली, खुद्द आल्बर्टा सरकारच्या मालकीची होती. म्हणजे एकाच प्रांताचा एक हात तारण घेऊन रांगेत पहिला उभा होता आणि दुसरा हात विहीर बुजवण्याचा आदेश घेऊन रांगेबाहेर. न्यायालयाने पहिल्या हाताला थांबवले आणि दुसऱ्याला पुढे येऊ दिले. धनको आणि रक्षक यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दिसणे अवघड.

बँकांची तक्रार अशी, की या निकालाने नियामकाला मागच्या दाराने पहिला क्रमांक मिळाला आणि आता तेल कंपन्यांना कर्ज महाग होईल. होईलही. पण विहिरीवर कर्ज देणाऱ्याला ती विहीर एक दिवस बुजवावी लागणार हे ठाऊक असते. तो खर्च धरून विहिरीची किंमत केली नसेल, तर ती किंमतच खोटी होती. जिथे विहिरी आहेत तिथल्या लोकांनी कोणतेही कर्ज दिलेले नसते, ते कोणत्याही रांगेत नसतात आणि बुडीत खात्यात टाकायला त्यांच्याकडे खातेही नसते.

राज्य किंवा त्याची शहरे स्वतःच बुडाली तर काय, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत शहराला दिवाळखोरीत जाण्यासाठी राज्याची खास संमती लागते. २०१३ मध्ये डेट्रॉइट सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह तसे गेले. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या, पण राज्य नसलेल्या प्वेर्तो रिको बेटाला मात्र १९८४ च्या दुरुस्तीने अशी संमती देण्याचा अधिकार उरला नव्हता. त्याने २०१४ मध्ये स्वतःचा कायदा केला, आणि जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द ठरवला, कारण स्वतःचा कायदा करण्यावरचे केंद्रीय बंधन त्याला लागू होतेच. केंद्राचा दरवाजा बंद आणि आपला दरवाजा उघडायला मनाई. महिना संपता संपता काँग्रेसने वेगळा कायदा केला तेव्हा कुठे वाट निघाली. एकाच कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांनी, म्हणजे मीसुद्धा, हे लक्षात ठेवावे लागेल. केंद्राने क्षेत्र आपल्याकडे घेतले, तर तिथे कोणालाही उघड्यावर सोडण्याचा त्याला हक्क नाही.

म्हणून कायद्यात एक साधी तरतूद असावी असे मला वाटते. दिवाळखोरी सुरू झाली की राज्याच्या प्रत्येक खात्याने आणि नियामकाने ठरावीक मुदतीत लेखी सांगावे, की आपण धनको म्हणून येतो आहोत की कर्तव्य पार पाडून घेण्यासाठी. धनको म्हणून येणाऱ्याने रक्कम लिहावी आणि रांगेतली जागा घ्यावी. त्या रकमेसाठी पुढे त्याला परवाना, नोंदणी, वीजजोडणी काहीही अडवता येऊ नये. कर्तव्य म्हणून येणाऱ्याने ते काम कोणते, ते कोणत्या धोक्यापासून कोणाला वाचवते आणि कर्जदाराकडे पैसा नसता तरी हाच आदेश दिला असता का, हे सांगावे. न्यायालयाने त्याच वेळी, मालमत्ता विकली जाण्यापूर्वी, या उत्तराची शहानिशा करावी. आल्बर्टातल्या त्या चालकाला जून २०११ मध्ये मिळालेली ऋणमुक्ती खरी होती, हे ठरायला नोव्हेंबर २०१५ उजाडावा लागला. ही तरतूद असती तर प्रांताला २००८ मध्येच, दिवाळखोरीचे दावे दाखल होत असताना, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले असते.